लंगडण्याचा हिशेब

१९५२-५३ च्या सुमारास तेव्हाच्या टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियात, माकोंडे पठारावर एका तापाची साथ आली. ताप काही दिवसांत उतरे, पण सांधे असे धरत की माणसाला सरळ उभे राहता येत नसे. तिथल्या लोकांनी आजाराला नाव दिले ते रुग्णाच्या वाकलेल्या देहावरून: ‘वाकवून टाकणारा’. त्यांच्या भाषेतला तो शब्द म्हणजे चिकनगुनिया. हाच आजार १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत येऊन गेला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा पसरला. ताप गेल्यावर महिनोन्‌महिने पहाटे पलंगावरून उठून भिंत धरत न्हाणीपर्यंत जाणारी माणसे ज्यांनी घरात पाहिली आहेत, त्यांना माकोंडे लोकांची नजर किती नेमकी होती हे वेगळे सांगायला नको.

दुखणे चालीत दिसते, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. अनुभवी डॉक्टर रुग्ण दारातून खुर्चीपर्यंत येतो तेवढ्यात निम्मे निदान करतात. पण गेल्या तीन-चार दशकांत प्रश्नाचा रोख बदलला. बदललेली चाल ही दुखण्याची नुसती खूण, की तीच पुढे सांध्याची झीज वाढवते? की उलट तीच सांध्याला वाचवते? आणि यातले काही खरे असेल, तर लंगडणाऱ्याला लंगडू द्यावे की सरळ चालायला शिकवावे? या वादाची आजची स्थिती मांडण्याचा हा प्रयत्न आहे. तो गुडघ्याकडे जरा झुकलेला वाटेल, कारण सर्वाधिक पुरावा तिथेच गोळा झाला आहे. पाठीचा क्रमांक दुसरा, आणि बाकीची दुखणी बरीच मागे आहेत.

दुखणे केव्हा जुनाट म्हणायचे

तीन महिन्यांहून अधिक टिकलेले किंवा पुन्हा पुन्हा उलटणारे दुखणे ते जुनाट, अशी व्याख्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणाने स्वीकारली आहे. या वर्गीकरणात एक महत्त्वाची गोष्ट घडली. काही रुग्णांत दुखणे हाच आजार असतो, त्यामागे दुसरा आजार सापडलाच पाहिजे असे नाही, हे मान्य झाले. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये आपली १९७९ ची व्याख्या सुधारली, तीही याच दिशेने. इजा झालेली असो किंवा अनुभव इजेसारखा असो, दुखते म्हणजे दुखते. चालीच्या अभ्यासाला याचे महत्त्व पुढे कळेल, कारण क्ष-किरण चित्र आणि चाल यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही.

आपल्याकडे या दुखण्यांची मोजदाद करण्याचा पायाभूत प्रयत्न पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये झाला. डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ पासून घरोघर जाऊन सुमारे चार हजार प्रौढांना विचारले. साधारण १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांची, स्नायूंची दुखणी निघाली. त्यांतली मोठी संख्या ठळक नाव देता येईल अशा संधिवाताची नव्हती. झिजेची, स्नायूंची आणि धड कुठल्याच चौकटीत न बसणारी होती. अंगमेहनत करणाऱ्या गावात दुखणारा गुडघा आणि दुखणारी कंबर घेऊन लोक रोज किती चालत असतील, हे त्या आकड्यामागे दडलेले आहे.

चाल मोजण्याचा वारसा

चालीचे शास्त्र जुने आहे, पण दुखण्याशी त्याची गाठ उशिरा पडली. १८३६ मध्ये जर्मनीतल्या वेबर बंधूंनी पाय लंबकासारखा झुलतो असे मांडले. १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी चालणाऱ्या माणसाची क्षणाक्षणाची छायाचित्रे एकाच काचेवर उमटवली. शतकाच्या शेवटी ब्राउन आणि फिशर यांनी पावलाचे गणित त्रिमितीत मांडले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांसाठी कृत्रिम पाय घडवताना व्हर्न इनमन आणि सहकाऱ्यांनी सामान्य चालीचे घटक वेगळे केले. त्यांचा १९५३ चा निबंध पुढे कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकासारखा वाचला गेला. कॅलिफोर्नियात रँचो लॉस अमीगोस रुग्णालयात जॅकलिन पेरी यांनी पोलिओच्या रुग्णांकडे पाहत पावलाच्या चक्राचे आठ टप्पे पाडले, आणि जगभरचे फिजिओथेरपिस्ट आजही तीच भाषा बोलतात.

यादी पाहिली की एक गोष्ट लक्षात येते. पाय तुटलेला, पाय लुळा पडलेला, पाय आखडलेला, म्हणजे जे अपंगत्व कॅमेऱ्याला दिसते त्याच्यावर हे शास्त्र वाढले. दुखणे कॅमेऱ्यात येत नाही. येतो तो दुखणे टाळण्यासाठी देहाने केलेला खटाटोप.

या खटाटोपाची किंमत काय, हे एका उलट्या उदाहरणातून फार चांगले कळते, आणि ते भारतातले आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरला आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागले. तळपायाची जखम चिघळत जाते ती रोगाने मांस सडते म्हणून, असा तेव्हाचा समज होता. ब्रँड यांनी दाखवले की जखमेचे मुख्य कारण बधिरपणा आहे. आपल्या पायात खडा टोचला की आपण नकळत पाऊल तिरके टाकतो, भार टाचेवरून कडेवर नेतो, शेवटी लंगडतो. ज्याला टोचतच नाही तो त्याच जागी, त्याच भाराने, हजारो पावले टाकत राहतो. कुष्ठरुग्णांसाठी मऊ, सूक्ष्मछिद्री रबराच्या तळाच्या चपला आल्या त्या या नव्या समजातून, आणि आज मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांच्या पायांतही त्याच जातीच्या चपला दिसतात. लंगडता न येणे हे संकट असू शकते, ही गोष्ट पुढच्या सगळ्या वादात ध्यानात ठेवावी लागते.

चालीत नेमके काय बदलते

निरोगी माणसाच्या एका पाऊलचक्रात पाय साधारण ६० टक्के वेळ जमिनीवर आणि ४० टक्के वेळ हवेत असतो. एक पाय दुखत असला की त्या पायाचा जमिनीवरचा वेळ कमी होतो. दुखरा पाय टेकला न टेकला तोच दुसरा पाय घाईने पुढे येतो. याला आपण लंगडणे म्हणतो, आणि त्याचा ताल कानालाही कळतो. जिन्यावर कोण येते आहे हे घरातली माणसे पावलांवरून ओळखतात ती उगाच नाही.

खुब्याच्या दुखण्यात आणखी एक लकब येते. एका पायावर उभे असताना शरीर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून खुब्याच्या बाजूचे स्नायू जोर लावतात. खुब्याच्या सांध्यावरचा भार त्यामुळे चालताना देहाच्या वजनाच्या साधारण अडीचपट होतो. बर्लिनमध्ये मोजणी-यंत्र बसवलेले कृत्रिम खुबे काही रुग्णांत घातले गेले आणि हे प्रत्यक्ष मोजले गेले. रुग्ण नकळत धड दुखऱ्या बाजूला झुकवतो, वजन सांध्याच्या जवळ येते, स्नायूंना कमी ओढावे लागते आणि भार उतरतो. पाहणाऱ्याला वाटते माणूस दुखऱ्या पायावरच रेलतोय, हे कसे? गणित त्याच्या बाजूचे आहे. काठीचे गणितही तेच, फक्त उलट्या हाताचे: ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. अमेरिकी अस्थिशल्यविशारद वॉल्टर ब्लाउंट यांनी १९५६ मध्ये काठी टाकून देऊ नका असा आर्जवी लेख लिहून हे समजावले होते. सत्तर वर्षे होत आली, तरी आपल्या सिनेमा-नाटकांतले आजोबा काठी दुखऱ्या पायाच्याच बाजूला धरतात.

गुडघ्याच्या झिजेत वेग मंदावतो, ढेंग आखूड होते, गुडघा टेकताना नीट वाकत नाही आणि उचलतानाही ताठ राहतो. पावले किंचित बाहेर वळतात, दोन पावलांमधले अंतर वाढते. पाय धनुष्यासारखे झालेल्या काहींत पाऊल टेकले की गुडघा क्षणभर बाहेरच्या बाजूला हिसका मारतो. हा हिसका पुढच्या चर्चेत महत्त्वाचा आहे.

पाठदुखीत बदल पायांत कमी आणि धडात जास्त असतो. हळू चालताना छाती आणि कंबर जवळजवळ एकाच दिशेने वळतात. वेग वाढला की त्या एकमेकींच्या विरुद्ध पिळल्या जातात. जुनाट पाठदुखी असलेल्यांत हा पीळ नीट येत नाही. अ‍ॅमस्टरडॅममधल्या संशोधकांनी हे २००० नंतरच्या दशकात तपशिलाने नोंदवले: धड एका ठोकळ्यासारखे फिरते, आणि पाठीचे स्नायू जिथे सैल पडायला हवेत तिथेही ताणलेले राहतात. जणू पाठीवर भरलेली घागर आहे.

कण्याची नलिका अरुंद झाल्याने होणारे दुखणे मात्र अगदी वेगळे. थोडे चालले की मांड्या-पोटऱ्यांत गोळे, मुंग्या, जडपणा. खाली बसले किंवा पुढे वाकले की बरे. वाकल्याने नलिकेत जागा होते. म्हणून असा रुग्ण बाजारात ट्रॉलीवर रेलून तासभर हिंडतो, सायकलही चालवतो, आणि ताठ चालायला सांगितले की दोनशे पावलांत थांबतो. पायांच्या धमन्या अरुंद झालेल्यालाही चालताना असेच गोळे येतात, पण त्याला नुसते उभे राहिले तरी पुरते. हा फरक दुकानाच्या पायरीवर बसलेल्या माणसाला चार प्रश्न विचारूनही काढता येतो, यंत्र लागत नाही. पाठीची दुखणी देहाचा पवित्रा किती ठरवतात याचे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण बाबा आमटे: मणक्याच्या विकारामुळे त्यांना बसता येत नसे, एक तर उभे, नाहीतर आडवे.

फायब्रोमायल्जियात, म्हणजे अंगभर दुखण्याच्या आजारात, सांधे शाबूत असूनही चाल मंद होते आणि ढेंग आखूड. सांध्यात झीज नाही, तरी चाल झिजलेली, हे कोडे आपल्याला पुढच्या प्रश्नाकडे नेते.

का बदलते: चार उत्तरे

पहिले उत्तर दुष्टचक्राचे. दुखते म्हणून स्नायू आवळतो, आवळल्याने रक्तपुरवठा घटतो, त्यामुळे आणखी दुखते. हे विसाव्या शतकाच्या मध्यापासून प्रचलित आहे आणि मालिश, शेक, स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या यांमागे अजूनही हाच विचार असतो. अडचण अशी की प्रयोगांत दुखरा स्नायू नेहमी आवळलेला सापडत नाही. पुष्कळदा तो उलट ढिला पडतो.

ही विसंगती पकडून कॅनडातल्या जेम्स लुंड यांनी १९९१ मध्ये दुसरे उत्तर दिले. दुखण्यात हालचाल करणारा स्नायू मंदावतो आणि तिला विरोध करणारा जोर धरतो. परिणामी हालचाल हळू आणि छोटी होते. म्हणजे हे दुष्टचक्र नाही, संरक्षण आहे. कल्पना सुटसुटीत होती, पण पाठीचे स्नायू या नियमाला जुमानत नाहीत असे दिसले. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातले पॉल हॉजेस आणि काइली टकर यांनी ती सैल केली. त्यांच्या मते स्नायूंना ठरलेला नियम नसतो. प्रत्येक माणूस आपल्यापुरती अशी जुळवणी करतो की दुखऱ्या भागाचे आज रक्षण व्हावे. त्याची किंमत नंतर मोजावी लागू शकते. एकाच गुडघेदुखीचे दोन रुग्ण वेगवेगळे का चालतात, याचे हे आजवरचे सर्वांत समाधानकारक उत्तर आहे. ‘प्रत्येकाचे वेगळे’ म्हणणारा सिद्धान्त चुकीचा ठरवायचा कसा, हा आक्षेप मात्र त्याच्यावर राहतोच, आणि मला तो वाजवी वाटतो.

तिसरे उत्तर भीतीचे. नेदरलँड्सचे योहान फ्लायेन आणि स्वीडनचे स्टीव्हन लिंटन यांनी २००० मध्ये ते नीट मांडले: दुखण्याचा अर्थ ‘काहीतरी मोडते आहे’ असा लावला की माणूस हालचाल टाळतो, टाळल्याने अंग खंगते, खंगल्याने दुखणे वाढते. या उत्तराने उपचारांना मोठी दिशा दिली. पण ते रुग्णावर ढकलणे सोपे असते: ‘मनातली भीती काढा’. पाठदुखीच्या रुग्णांत भीतीची प्रश्नावली आणि प्रत्यक्ष चाल यांचा संबंध काही अभ्यासांत दिसतो, काहींत दिसत नाही.

चौथे उत्तर भीतीच्या आणि विचाराच्याही खाली आहे. गुडघ्यात पाणी साठले की मांडीचा पुढचा स्नायू प्रतिक्षिप्तपणे ढिला पडतो. निरोगी गुडघ्यात २०-३० मिलिलिटर द्रव सोडला तरी हे होऊ लागते, आणि तिथे दुखणे असण्याचीही गरज नसते. जिना उतरताना गुडघा अचानक दगा देतो असे रुग्ण म्हणतो तेव्हा तो घाबरट असतोच असे नाही.

ही उत्तरे पडताळण्यासाठी एक चलाख पद्धत वापरली जाते: निरोगी माणसाला तात्पुरते दुखणे देणे. तीव्र खारट पाण्याचे इंजेक्शन दिले की काही मिनिटे खरेखुरे दुखते आणि मग ओसरते. डेन्मार्कच्या मारियुस हेन्रिक्सन यांनी गुडघ्याच्या वाटीखालच्या चरबीत असे इंजेक्शन देऊन २०१० मध्ये दाखवले की धडधाकट माणूस लगेच गुडघ्याच्या रुग्णासारखा चालू लागतो. पण अ‍ॅमस्टरडॅमच्या गटाने २००४ मध्ये पाठीत हेच केले, दुखण्याची भीतीही घातली, तर धडाच्या चालीत काही बदल झाला नाही. स्नायूंत अगदी बारीक फरक तेवढे दिसले. गुडघेदुखीची चाल बऱ्याच अंशी आजच्या दुखण्याची असते. पाठदुखीची चाल वर्षानुवर्षे मुरलेली दिसते. ‘जुनाट दुखण्यात चाल कशी बदलते’ असा एकच प्रश्न विचारणेच मग थोडे फसवे ठरते.

रक्षक की भक्षक

आता वादाच्या मध्यावर येऊ. चालताना गुडघ्याच्या आतल्या बाजूवर किती भार कलतो याचा अंदाज प्रयोगशाळेत कॅमेरे आणि जमिनीतली दाबपट्टी यांवरून काढता येतो. हा अंदाज आहे, गुडघ्याच्या आत घातलेला काटा नव्हे. तरी क्षेत्राचे चलनी नाणे तोच झाला. जपानमध्ये २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मियाझाकी आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सुरुवातीला हा भार जास्त असलेल्यांची झीज सहा वर्षांत जास्त वाढली. २००४ मध्ये शिकागोच्या गटाने गुडघ्याचा तो बाहेरचा हिसका ज्यांच्यात दिसला, त्यांच्यात झीज वाढण्याची शक्यता चौपट असल्याचे नोंदवले. म्हणजे चाल भविष्य सांगते.

मग दुखणे कमी केले तर? १९९३ मध्ये श्निट्झर, आंद्रियाकी आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या रुग्णांना पिरॉक्सिकॅम ही वेदनाशामक गोळी दिली. दुखणे कमी झाले, चाल सुधारली आणि गुडघ्यावरचा भार वाढला. २००६ मध्ये हेन्रिक्सन यांनी गुडघ्यात भूल दिली, पुन्हा तेच. लंगडणे ही सांध्याने मागितलेली विश्रांती होती आणि गोळीने ती हिरावली, असा अर्थ एका बाजूने काढला.

या अर्थाला भयंकर वाटणारा पुरावा टॅनेझुमॅब या औषधाने पुरवला. वेदनेचे तंतू चेतवणाऱ्या एका प्रथिनाला अडवणारे हे इंजेक्शन. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मुख्य मोजमाप होते चालतानाचे गुडघ्याचे दुखणे, आणि ते निम्म्याच्या आसपास उतरले. तुलनेसाठी दिलेल्या, औषध नसलेल्या इंजेक्शनाने ते बरेच कमी उतरले. इतके प्रभावी औषध या क्षेत्राने क्वचितच पाहिले होते. त्याच वर्षी काही रुग्णांचे सांधे झपाट्याने नष्ट होऊ लागल्याने अमेरिकी औषध प्रशासनाने चाचण्या थांबवल्या. त्या पुन्हा सुरू झाल्या, पण मार्च २०२१ मध्ये सल्लागार समितीने १९ विरुद्ध १ मतांनी औषधाविरुद्ध कौल दिला आणि कंपनीने ते सोडले. वेल्लोरचा धडा पुन्हा एकदा, असे अनेकांनी म्हटले: दुखणे बंद, सावधपणा बंद, सांधा गेला.

परंतु ही गोष्ट दिसते तितकी सरळ नाही. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या सोबत घेणाऱ्यांत धोका अधिक होता, आणि ज्या सांध्यांत आधी फारसे दुखत नव्हते अशांतही ऱ्हास आढळला. औषधाचा हाडावर किंवा सांध्याच्या मज्जातंतूंवर थेट दुष्परिणाम होत असेल, तर चालीवर ठपका ठेवणे अन्यायाचे आहे. हा वाद मिटलेला नाही, आणि औषधच मागे पडल्याने लवकर मिटण्याची चिन्हे नाहीत.

दुसऱ्या पायाचे काय? लंगडून चांगला पायही खराब होतो, असे आजी-आजोबांपासून डॉक्टरांपर्यंत सगळे म्हणतात. शिकागोच्या नजिया शकूर यांनी २००२ मध्ये खुबा बदललेल्या रुग्णांचा माग काढला. पुढे ज्यांचा गुडघा बदलावा लागला त्यांच्यात तो विरुद्ध बाजूचा असण्याची शक्यता दुपटीहून अधिक होती. झीज केवळ वयाची किंवा रक्तातल्या दोषाची असती, तर डावे-उजवे सारखे निघायला हवे होते. हा पुरावा ‘लंगडणे महाग पडते’ म्हणणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि तो भक्कम वाटतो. तरी लंगडण्यामुळे असे झाले की आधीपासूनच्या असमतोलामुळे लंगडणे आणि झीज दोन्ही आली, हे मागे वळून पाहणारा अभ्यास सांगू शकत नाही.

आणि मग पादत्राणांची गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वांत उद्बोधक वाटते. शकूर यांनीच २००६ मध्ये दाखवले की गुडघ्याचे रुग्ण अनवाणी चालले की गुडघ्यावरचा भार बुटांपेक्षा कमी होतो. पुढे साध्या स्लिपरही जाड बुटांपेक्षा सरस ठरल्या. निष्कर्ष उघड होता: पातळ, लवचीक तळाची पादत्राणे वापरावीत. मेलबर्नमध्ये १६४ रुग्णांवर सहा महिने थेट तुलना झाली आणि २०२१ मध्ये निकाल आला. चालतानाचे दुखणे जास्त कमी झाले ते जाड, भक्कम बुटांनी. बुटात कडेला पाचर बसवून भार बाहेर ढकलण्याच्या उपायाचेही असेच झाले. भार थोडा उतरतो, पण साध्या सपाट तळव्याशी तुलना केली की दुखण्यात फरक उरत नाही, हे २०१३ च्या एकत्रित विश्लेषणाने सांगितले. भार उतरला की दुखणे उतरेल, आणि दुखणे उतरले की सांधा वाचेल, ही साखळी दोन्हीकडून तुटलेली आहे.

चाल शिकवावी का

२०२५ मध्ये या प्रश्नावर एक नेमका प्रयोग प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या स्कॉट उलरिच आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या आतल्या बाजूची झीज असलेल्या ६८ जणांची चाल आधी मोजली. पाऊल आत वळवावे की बाहेर, आणि किती अंश, हे प्रत्येकासाठी वेगळे ठरवले. तुलनेच्या गटाला त्यांच्या मूळ चालीचाच सराव दिला, म्हणजे आपल्याला काहीतरी शिकवले जाते आहे ही भावना दोघांनाही सारखी. वर्षभरानंतर चाल बदललेल्यांचे दुखणे औषधाइतके उतरले होते आणि एमआरआयमध्ये कूर्चेचा ऱ्हास मंद दिसला. सरसकट ‘पाऊल बाहेर वळवा’ सांगणाऱ्या जुन्या पद्धतीपेक्षा यात फरक आहे तो मापाचा. शिंप्याने मापे घेऊन शिवलेला कपडा आणि हारीने टांगलेला तयार कपडा, यातला तो फरक. प्रयोग छोटा आहे, आणि अशी मापे घेणाऱ्या प्रयोगशाळा अमेरिकेतही गल्लोगल्ली नाहीत.

पाठदुखीत वारे उलट्या दिशेने वाहत आहेत. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठातल्या चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. पाठदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना हळूहळू वाढवत न्यायचा चालण्याचा कार्यक्रम आणि थोडे समुपदेशन मिळाले. त्यांचे दुखणे उलटण्याचा मधला काळ २०८ दिवसांचा होता, बाकीच्यांचा ११२ दिवसांचा. कसे चालायचे हे कोणी दुरुस्त केले नव्हते. किती चालायचे, एवढेच ठरवले होते. पाठीत मुरलेली चाल सरळ करण्यात वेळ घालवावा की माणसाला रस्त्यावर आणावे, या निवडीत पुरावा सध्या रस्त्याच्या बाजूचा आहे.

मधली एक भूमिका ज्येष्ठांच्या बाबतीत घेतली जाते आणि ती व्यवहारी आहे. नऊ अभ्यासांतल्या ३४,४८५ ज्येष्ठांचे आकडे एकत्र करून २०११ मध्ये दाखवले गेले की चालण्याचा वेग आयुर्मानाचा चांगला अंदाज देतो. बोस्टनमध्ये सत्तरीपुढच्या ७४९ जणांत जुनाट दुखणे असणारे, विशेषतः दोन-तीन ठिकाणी दुखणारे, अधिक वेळा पडत. इथे चालीचे सौंदर्य दुय्यम. काठी, कठडा, न्हाणीतली न घसरणारी फरशी आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांबाबत कुठल्याच गटाचे दुमत नाही.

अजून न सुटलेले

पहिली अडचण वेगाची. दुखणारा माणूस हळू चालतो, आणि हळू चालणाऱ्या कुणाचीही ढेंग आखूड, गुडघा कमी वाकलेला आणि धड कमी पिळलेले असते. निरोगी माणसांना त्याच मंद वेगाने चालवून तुलना केली की प्रसिद्ध झालेल्या फरकांपैकी बरेच विरघळतात. ही खबरदारी न घेतलेले अभ्यास अजूनही निघतात.

दुसरी अडचण गुडघा बदलल्यावरची. दुखणे गेले तरी अनेकांचा गुडघा चालताना वर्षानुवर्षे ताठच राहतो. जो लंगडणे संरक्षण मानतो त्याला याचे उत्तर द्यावे लागते, कारण आता रक्षण करण्यासारखे उरले काय? जो सवय मानतो त्याला सांगावे लागते की ही सवय फिजिओथेरपीने सहजी का सुटत नाही.

तिसरी अडचण जागेची. प्रयोगशाळेत माणूस आठ-दहा मीटर सपाट जमिनीवर, अंगाला ठिपके चिकटवून, चार जण बघत असताना चालतो. घरात तो तसा चालत नाही. बुटात किंवा कमरेच्या पट्ट्यात बसणाऱ्या मोजणीयंत्रांनी ही भिंत पडू लागली आहे. पण वर सांगितलेले बहुतेक ज्ञान आले ते बूट घालून, खुर्चीवरून उठून, डांबरी रस्त्यावर चालणाऱ्यांच्या पायांवरून. भिगवणची बाई मांडी घालून जेवायला बसते, उकिडवी बसून भांडी घासते, डोक्यावर ओझे घेऊन शेताच्या बांधावरून चालते आणि गुडघा दुखला तरी बांध तोच असतो. मेलबर्नच्या प्रयोगातला लवचीक बूट आणि तिच्या पायातली टाचेकडे झिजून कलंडलेली स्लिपर यांचा तळ सारखाच पातळ आहे. त्यावरून निघालेला निकाल तिला लागू पडतो का, हे बांधावरच मोजावे लागेल.